हातावरचे पाच आकडे

"सर्पोद्यानात जायचं तर आत्ताच निघू. ऊन चढलं की साप झोपतात," अभिनव म्हणाला.

"आणि सकाळी काय करतात, कवायत?" श्रद्धाने विचारलं.

"तुम्ही जा. अब्बा येईपर्यंत मला बूथ सोडता येणार नाही," नाजिमा म्हणाली.

"कोण येतंय तुमच्या बूथवर?"

लागणारं बोलायचं आणि वर निरागस तोंड करायचं, ही श्रद्धाची खोडच होती. पण ती म्हणाली ते खोटं नव्हतं. कात्रजला, सातारा रस्त्याच्या कडेला, नाजिमाच्या अब्बांचा, म्हणजे अय्युब शेख यांचा, पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. एके काळी तिथे रांग लागायची. त्या मे महिन्यात मोबाईलवर येणारे फोन फुकट झाले आणि उरलीसुरली रांगही गेली. काचेच्या केबिनमधून आता माश्याच काय त्या फोन करायच्या.

नाजिमा बारा वर्षांची. ती या केबिनमध्येच वाढली होती. फोनच्या बटणांवर तिची बोटं न बघता चालत, आणि टेपवरच्या बाईचा आवाज ती इतका हुबेहूब काढी की गिऱ्हाइकं फसत. आताही तिने रिसीव्हर उचलला आणि नाकातून म्हणाली, "कृपया आपण डायल केलेला क्रमांक तपासून पाहा."

"उद्या तुलाच टेपवर घेतील," अभिनव म्हणाला. तो अमरावतीचा. वडिलांना खराडीच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून हे कुटुंब पुण्यात आलं होतं. समोरच्या सोसायटीत श्रद्धाच्या वरच्या मजल्यावर ते राहायचे.

तेवढ्यात काचेवर थाप पडली.

गेले काही दिवस तिथेच भटकणारी एक बाई पुन्हा आली होती. पंचविशीची असेल. साडी मळून तिचा मूळ रंग कुठला ते कळेनासं झालेलं, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. कपाळावर खोक होती. दोन दिवसांपूर्वी कुणीतरी दगड मारला होता. तिने डावा हात काचेला लावला. मनगटाच्या वर हिरवं गोंदण होतं : ३०७१४. मग उजव्या हाताचं बोट काचेवर टेकवलं, इकडून तिकडे नेलं आणि तोंडाने विचित्र घोगरा आवाज केला.

"ही अजून इथेच का?"

मागून आप्पासाहेब आले. श्रद्धाचे आजोबा, सोसायटीचे अध्यक्ष. पांढरा लेंगा, हातात छत्री, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीविरुद्ध एक अर्ज खिशात तयार.

"आजोबा, ती काहीतरी सांगतेय," श्रद्धा म्हणाली.

"वेडी माणसं दिवसभर काहीतरी सांगतच असतात. तो हातावरचा नंबर बघ. धड माणसाच्या हातावर कधी नंबर असतो का? कुठल्या तरी इस्पितळातून पळालेली आहे. मी चौकीत अर्ज दिलाय. उद्या सकाळी गाडी येईल आणि येरवड्याच्या वेड्यांच्या इस्पितळात नेतील. तिचंही भलं, आपलंही."

"तिचं नाव काय?" नाजिमाने विचारलं.

"मला कसं माहीत असणार?"

"अर्जात काय लिहिलंत मग?"

"अनोळखी वेडसर स्त्री," आप्पासाहेब म्हणाले आणि छत्री उघडून निघून गेले.

असं असतं बघा. त्या सोसायटीत दोन डॉक्टर होते, एक प्राध्यापक होता, अमेरिकेला जाऊन आलेले तर पायलीला पन्नास होते. गेले कित्येक दिवस ती बाई त्यांच्या फाटकासमोर झोपत होती. तिच्याकडे बघून नाक दाबायला सगळ्यांना वेळ मिळाला होता. तिच्याजवळ जाऊन दोन मिनिटं उभं राहायला मात्र एकालाही मिळाला नव्हता.

त्याच वेळी रस्त्यावर एका ट्रकने करकचून ब्रेक लावला आणि कानठळ्या बसतील असा भोंगा वाजवला. अभिनव दचकला, श्रद्धाने कानांवर हात ठेवले. ती बाई मात्र तशीच उभी. पापणीसुद्धा लवली नाही.

"तिला ऐकूच येत नाही," अभिनव हळू आवाजात म्हणाला.

नाजिमा तिच्या बोटाकडे बघत होती. बोट उजवीकडे वर टेकलं. मग खाली, अगदी मध्ये. मग डावीकडे, जरा वर. मग डावीकडे सगळ्यात वर. मग त्याच्याच खाली. थांबलं. पुन्हा तेच. उजवीकडे वर, खाली मध्ये, डावीकडे...

नाजिमाचं स्वतःचं बोट काउंटरवर आपोआप तसंच फिरलं.

"तीन. शून्य. सात. एक. चार," ती म्हणाली. "अरे, ती फोन लावतेय. ही फोनची बटणं आहेत. कुणीतरी फोन लावताना तिने बघितलंय, शंभर वेळा बघितलंय. हा इस्पितळाचा नंबर नाही, हा तिच्या घरचा नंबर आहे."

सर्पोद्यान राहिलं बाजूला.

अब्बा आले तेव्हा तिघंही एकदम बोलायला लागली. अब्बांनी टोपी काढली, पाणी प्यायले, मग म्हणाले, "नंबर असेल, पण पाच आकडीच आहे ना? पुण्यात पाच आकडी नंबर नाही. सहाचे सात झाले, गेल्या वर्षी पुढे दोन लावून आठ झाले. हा पुण्याचा नाहीच."

"मग कुठला?"

"ते कोडवरून कळतं. कोड नसेल तर कळत नाही." अब्बांनी केबिनच्या भिंतीकडे हनुवटी केली. तिथे कोडचा पिवळा पडलेला तक्ता चिकटवलेला होता. "शून्यानंतरचा पहिला आकडा म्हणजे दिशा समज. एक म्हणजे दिल्ली-पंजाब. दोन म्हणजे आपण आणि गुजरात. तीन म्हणजे कलकत्त्याकडे. चार म्हणजे मद्रास-हैदराबाद."

"आणि अमरावती?" अभिनवने विचारलं.

"शून्य सात. नागपूर-अमरावती सगळं सातात, मध्य प्रदेशाच्या पंगतीत."

"म्हणजे टेलिफोनवाले आम्हाला महाराष्ट्रात धरतच नाहीत?"

"तुझं मराठी ऐकलं असेल त्यांनी," श्रद्धा म्हणाली.

"दुसरी गोष्ट," अब्बा म्हणाले, "शहर जितकं मोठं तितका कोड छोटा. मुंबई शून्य बावीस, झालं. सोलापूर शून्य दोनशे सतरा. बारामती त्याहून लांब. मोठ्या माणसाला नुसतं आडनाव पुरतं. लहानाला गाव, तालुका, जिल्हा, सगळं सांगावं लागतं. आपलं पुणंसुद्धा पूर्वी शून्य दोनशे बारा होतं, सोलापूरच्या रांगेत. मग शून्य वीस झालं आणि लोकांची कॉलर ताठ झाली."

"म्हणजे पाच आकडी नंबर लहान गावाचा," नाजिमा म्हणाली. "आणि तिच्या अंगावरची साडी आपल्याकडच्या बायका नेसतात तशीच आहे. पुण्याच्या आसपासचं गाव असणार. अब्बा, आसपासचे कोड किती?"

"असतील दहाबारा."

"एकेक करून लावू या."

अब्बांनी मुलीकडे बघितलं, मग काचेबाहेर उकिडवी बसलेल्या त्या बाईकडे. "आता खेड्यातल्या नंबरांनाही पुढे दोन लागतो, तो विसरू नका," एवढंच ते म्हणाले आणि बाहेर जाऊन त्या बाईसमोर चहाचा कप ठेवून आले.

नाजिमाने लावायला सुरुवात केली. बारामती : हा क्रमांक अस्तित्वात नाही. सासवड : एका किराणा दुकानदाराने उचलला आणि काही ऐकून न घेता गुळाचा भाव सांगितला. भोर : बराच वेळ वाजला, मग शाळेच्या शिपायाने उचलला आणि सुट्टी आहे म्हणून ठेवला. जुन्नरला एका आजोबांनी उचलला. बाई हरवली आहे का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "हरवली न्हाई, माहेरी गेलीय. तुमच्याकडं आली असंल तर ठेवून घ्या." अभिनव हसून हसून स्टुलावरून पडला. नाजिमालाही हसू फुटलं. मग तिची नजर काचेकडे गेली आणि ती हसायची थांबली. ती बाई उठून उभी राहिली होती. नाजिमाच्या बोटांकडे टक लावून बघत होती. प्रत्येक वेळी रिसीव्हर खाली ठेवला की तिचे खांदे पडायचे, आणि पुन्हा उचलला की डोळ्यांत जीव यायचा.

संध्याकाळपर्यंत तक्ता संपला. पुण्याभोवतालचा एकही कोड उरला नाही.

"नंबर मेला असेल, बेटा," अब्बा म्हणाले. "बिल भरलं नाही की तोडतात."

"नंबर मेला तर माणूसही मेलं का?"

अब्बांनी शटर अर्धं खाली ओढलं. ती बाई शटरजवळच आडवी झाली, डावा हात छातीखाली घेऊन, कुणी चोरून नेईल की काय अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही बूथवर हजर होती. कुणालाच नीट झोप लागली नव्हती. गाडी कधीही येणार होती.

आधी आली ती कंपनीची बस. हिंजवडीच्या आयटी पार्कला जाणारी. रोज याच कोपऱ्यावर थांबायची आणि गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली मंडळी पेंगत पेंगत चढायची. रोज ती बाई त्या वेळी डेअरीच्या बाजूला असायची, दुधाच्या फुटलेल्या पिशव्या शोधत. आज ती बूथपाशीच होती.

बस दिसताच ती उठली आणि धावत सुटली. दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून तिने तो घोगरा आवाज काढायला सुरुवात केली. चढणारे मागे सरकले. एक जण इंग्रजीत काहीतरी बोलला. ड्रायव्हरने मान वाकडी करून बघितलं, हा रोजचा ड्रायव्हर नव्हता, आणि क्लिनरने तिचे हात सोडवून तिला ढकलून दिलं. ती रस्त्यावर पडली. कोपर फुटलं.

"बघितलंत?" गॅलरीतून आप्पासाहेब ओरडले. "आता अंगावर जायला लागली."

बस हलली. अभिनव आणि श्रद्धा तिला उठवायला धावले. नाजिमा मात्र जागीच उभी राहून बसची पाठ बघत होती. मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आई बोरजाई प्रसन्न. बोरजाईवाडी.' त्याखाली फोन नंबर. शून्य वीस, मग आठ आकडे. पण रंगवणाऱ्याने चिक्कूपणा केला होता. जुना नंबर झाकायला पांढऱ्या रंगाचा एकच हात मारलेला. उन्हाने तो विरला होता आणि खालचा जुना नंबर भुतासारखा वर आला होता. आधी एक लांबलचक कोड. मग पाच आकडे : ३०२५६.

आणि वरच्या आठांतले शेवटचे पाच तेच होते. ३०२५६.

"दोन-दोन-नऊ," वरच्या आठांतले पहिले तीन आकडे वाचत नाजिमा पुटपुटली. मग ती बूथकडे धावली. "अब्बा, बोरजाईवाडी कुठे आहे?"

"हिंजवडीच्या पलीकडे. का?"

"पूर्वी तिचा कोड वेगळा होता?"

"होता की. ते खेडं होतं ना. मग आयटी पार्क आलं. परदेशातल्या साहेबाला खेड्याचा कोड कोण सांगणार? त्या सगळ्या भागाला पुण्याचा..." अब्बा बोलता बोलता थांबले. कपाळावर हात मारून घेतला. "या अल्लाह. तो भाग शून्य विसात आला. मी तक्त्यावरची खेडी बघत बसलो. आणि ते खेडं तक्त्यावर उरलंच नाही."

असं झालं होतं. गाव होतं तिथेच होतं, बोरजाईचं देऊळ होतं तिथेच होतं. शेतांवर काचेच्या इमारती उठल्या आणि त्या काचांच्या सोयीसाठी गावाची जुनी ओळख पुसली गेली. नव्या नंबराची खबर गावातल्या प्रत्येक घरात पोचली. जिच्या कातडीवर जुना नंबर कोरलेला होता, तिला कोण सांगणार होतं, आणि कसं?

नाजिमाने दोन-दोन-नऊ दाबलं. मग ती न बघता उजवीकडे वर, खाली मध्ये, डावीकडे...

वाजला. एकदाच वाजला आणि लगेच उचलला गेला.

"कोण बोलतंय?" पुरुषाचा आवाज.

"काका, मी कात्रजहून बोलतेय. इथे एक बाई आहे. तिच्या हातावर तुमच्या घरचा नंबर..."

"राँग नंबर. आमच्यात कोण मुकीबिकी न्हाई. पुन्यांदा फोन करू नको." खाट्कन फोन बंद.

श्रद्धा रडवेली झाली. "गेलं. हाही नाही."

"हाच आहे," नाजिमा म्हणाली. तिचा आवाज एकदम थंड झाला होता. "मी 'एक बाई' म्हणाले. मुकी आहे असं म्हणालेच नव्हते."

तिघांनाही एकदम कळलं. ही बाई हरवली नव्हती. तिला हरवलं होतं. म्हणूनच ती त्या बसकडे धावली होती; कुणीतरी तिला गावच्या त्याच बसने इथवर आणलं होतं आणि सोडून दिलं होतं.

"पण का?" अभिनवने विचारलं.

"जमीन," श्रद्धा नाक पुसत म्हणाली. तिचे बाबा जागांची दलाली करायचे. "बाबा रोज जेवताना हेच बोलतात. हिंजवडीकडची जमीन विकायची तर सगळ्या वारसांचे अंगठे लागतात. बहिणींचेसुद्धा. मग लोक सांगतात, बहीण नव्हतीच आम्हाला."

नेमकी तेव्हा पोलिसांची गाडी आली.

हवालदार खाली उतरले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात कागद. आप्पासाहेब लगबगीने जिना उतरून आले. "हीच ती. आत्ताच बसवर हल्ला केला."

"हवालदारकाका, तिला नेऊ नका," नाजिमा आडवी आली. "तिचं घर सापडलंय."

"घरचे कुठायत?"

"ते नाही म्हणतात."

"मग सापडलं कसं?" हवालदार वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. "हे बघ पोरी, मला कागदावर नाव लागतं. नाव नसेल तर 'अज्ञात' लिहायचं."

"आणि अज्ञात माणसाला शोधत तिथे कोणी येतं का?"

हवालदारांनी रस्त्याकडे बघितलं.

"एक फोन," नाजिमा म्हणाली. "तुमच्यासमोर. तुम्ही काही बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. आप्पासाहेब, तुम्हीसुद्धा."

"मुलांचे खेळ चाललेत," आप्पासाहेब म्हणाले.

"आजोबा, तुम्ही एक मिनिट गप्प बसू शकता का, ते बघायचंय मला," श्रद्धा म्हणाली. आप्पासाहेबांचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

काउंटरवरच्या फोनला स्पीकरचं बटण होतं. मुलांनी त्याला हात लावायचा नाही असा अब्बांचा कडक नियम होता. आज अब्बांनी स्वतःच ते दाबलं.

नाजिमाने एक खोल श्वास घेतला. फोन लागला. आणि टेपवरची बाई बोलायला लागली, गुळगुळीत, नाकातली, जिला कधी घाम येत नाही अशी.

"नमस्कार. आयटी पार्क प्रकल्पाच्या भूसंपादन कार्यालयातून बोलत आहे. जुन्या नोंदींमध्ये आपल्या कुटुंबातील एका महिलेच्या नावे जमिनीचा आणखी एक तुकडा निघाला आहे. त्यांना बोलता येत नाही, अशी नोंद आहे."

पलीकडून तोच आवाज, पण आता त्यात साखर पडलेली. "कोण, राधा व्हय?"

"होय. राधाताई हयात आहेत ना? नसल्यास तुकडा सरकारजमा होईल."

"हाय की. म्हंजे काय? माझी सख्खी बहीण हाय ती. घरातच हाय."

"त्यांचा अंगठा लागेल. आपलं नाव?"

"संतोष. भाऊ. कवा आनू तिला?"

"आधी ओळखीची खूण नोंदवावी लागेल."

"खूण हाय ना. डाव्या हातावर घरचा फोन गोंदलाय. आमच्या बानं जत्रंत गोंदवला."

"कृपया आकडे सांगा."

"तीन, शून्य, सात, एक, चार."

हवालदार त्या बाईकडे वळले. ती काहीच ऐकत नव्हती. काचेला हात टेकून सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. हिरवे आकडे काचेवर सपाट झाले होते. हवालदारांचे ओठ हलले : तीन, शून्य, सात, एक, चार. त्यांनी हातातला कागद चारदा घडी करून खिशात कोंबला आणि ते फोनवर वाकले.

"संतोष, मी कात्रजहून हवालदार बोलतोय. बहीण घरात आहे म्हणतोस? मग माझ्यासमोर कोण उभं आहे रे?"

पलीकडे संतोषच्या मागून, लांबून, एक म्हातारा, थरथरता आवाज आला.

"कुनाचा फोन हाय रं? राधीचा हाय का? राधीचा हाय ना? दे मला."

काहीतरी पडलं, ओढाताण झाली, आणि म्हातारीचा आवाज अगदी जवळून आला. "हॅलो. म्या गोदाबाई. राधीची आय."

राधाची आई त्याच बसच्या दुपारच्या फेरीने आली. हिंजवडीकडच्या पोलिसांनी संतोषला आधीच चौकीत नेऊन बसवलं होतं. बस थांबली, म्हातारी उतरली, आणि जिला सगळे वेडी म्हणत होते ती बाई रस्ता ओलांडून गेली आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून तो घोगरा आवाज काढत राहिली. सकाळी ज्या आवाजाला लोक घाबरले होते, तोच होता तो.

गोदाबाईने सगळं सांगितलं. मुलगा एक दिवस एकटाच घरी आला. म्हणाला, राधीला प्राणी बघायला कात्रजला नेलं होतं, गर्दीत हात सुटला. "म्या म्हनलं, तिच्या हातावर नंबर हाय, कोन तरी फोन करंल. फोनपाशीच बसून ऱ्हायले. जेवाय बी तितंच. पन वाजला की त्यो माझ्या आदी उचलायचा. म्हनायचा, राँग नंबर."

श्रद्धाने तोंड फिरवलं.

मग आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं हो, मुलगी चांगल्या घरची आहे. आणि या तिघांनी तर कमालच केली. गणपतीत यांचा सत्कार करू. शाल, श्रीफळ."

"आजोबा, अर्ज तुम्हीच दिला होता," श्रद्धा म्हणाली.

"तो तिच्या भल्यासाठीच."

"मग आणखी एक द्या," नाजिमा म्हणाली. "सत्कार नको. राधाताईचं नाव वारसांत लावून घ्यायचा अर्ज लिहा. तुमचे अर्ज फार लवकर पोचतात."

हवालदार मिशीत हसले. आप्पासाहेब लाल झाले, छत्री उघडली, मिटली, आणि शेवटी काउंटरवरचा कागद ओढून खरोखरच लिहायला बसले. पहिल्या ओळीत त्यांनी 'अनोळखी' लिहिलं नाही. 'कुमारी राधा' असं लिहिलं, मोठ्या अक्षरांत.

"इतकी वर्षं नोकरी केली," हवालदार नाजिमाला म्हणाले. "हातावर नंबर बघितला आणि मला बेडी आठवली. तुला फोन आठवला. तुझंच बरोबर."

अभिनवला मात्र एक गोष्ट छळत होती. "आजी, गोंदवताना कोड का नाही गोंदवला? कोड असता तर आम्हाला लगेच कळलं असतं."

गोदाबाईने त्याच्याकडे बघितलं, जणू त्याने पाणी ओलं का असतं असं विचारलं.

"कोड परक्यांना लागतो, बाळा. आपल्या मानसात कोन कोड लावतं?" ती म्हणाली. मग तिने राधाचा मळका पदर सारखा केला. "आमाला काय ठावं, घरातलं मानूसच परकं हुईल."

जायच्या आधी तिला शेजारणीला फोन करायचा होता, गुरांना पाणी पाजायला सांगायला. "लई लांबचा हुईल का वो?" तिने भीत भीत विचारलं.

"नाही, आजी," अब्बा म्हणाले. त्यांनी फोन लावून दिला आणि मान खाली घातली. "लोकल आहे. तुमचं गाव आता पुण्यातच धरतात."

मीटरवर एका लोकल कॉलचा लाल आकडा लागला. इतके दिवस, इतकी उपासमार, कपाळावरची खोक, आणि घर होतं ते एवढ्याच अंतरावर.

गोदाबाई आत बोलत होती. "घर माज्या नावावर हाय. जायचं तर संतोषनं जावं. म्या आन् राधी तितंच ऱ्हानार," ती शेजारणीला ठणकावून सांगत होती.

अब्बा काउंटरपाशी आले आणि नाजिमाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "टेपवरची बाई आयुष्यभर लोकांना सांगत आली, नंबर अस्तित्वात नाही. आज तिने पहिल्यांदाच कुणाचा तरी लावून दिला." एवढं बोलून ते कारण नसताना काच पुसायला लागले.

नाजिमा बाहेर गेली. राधा काचेजवळ उभी होती. नाजिमाने तिचं बोट हातात घेतलं आणि काचेवर टेकवलं. वर, मध्ये. पुन्हा तिथेच. मग उजवीकडे खाली. दोन, दोन, नऊ. राधाने मान हलवली, नाही, नाही, आणि स्वतःचं बोट उजवीकडे वर नेलं, तिच्या तीनकडे. नाजिमाने ते परत आणलं. वर मध्ये, वर मध्ये, उजवीकडे खाली. मग तिनेच ते तीनपर्यंत नेलं आणि सोडून दिलं.

राधा थांबली. तिने काचेतून आत बघितलं. आई फोन कानाला लावून बोलत होती. मग तिने बोट उचललं आणि एकटीने, सावकाश, पहिल्यापासून लावायला सुरुवात केली.